पंप पाणी ओढत नाही

गेल्या उन्हाळ्यात लोणंदच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका बैठकीत मी एक वाक्य ऐकले आणि ते अजून डोक्यातून गेलेले नाही. कूलिंगच्या पाण्याचा एक पंप दर चार-पाच महिन्यांनी इंपेलर खात होता, त्यावर काय करायचे हा विषय होता. खरेदी विभागातले एक ज्येष्ठ गृहस्थ म्हणाले, "सक्शनचं काय घेऊन बसलात? सक्शन म्हणजे चार लांबी पाइप आणि एक फुटबॉल. पंप घ्यायचा तो हेड आणि डिस्चार्ज बघून. कमी पडला तर वरच्या एचपीचा घ्या." आमच्या भागात फूट व्हॉल्व्हला फुटबॉलच म्हणतात, त्यामुळे त्या शब्दावर कोणी हसले नाही. बहुतेकांनी मान डोलावली. मोठा पंप घ्यायचे ठरले.

गृहस्थांचे नाव सांगायची गरज नाही, कारण हे मत त्यांचे एकट्याचे नाही. नीरेच्या काठावर उसाला पाणी देणारा शेतकरी हेच म्हणतो. गावच्या पाणी योजनेचे अंदाजपत्रक करणाराही तेच धरून चालतो. कारखान्याच्या चौकशीपत्रात डिलिव्हरीच्या पाइपची लांबी, उंची, वळणे, व्हॉल्व्ह सगळे लिहिलेले असते आणि सक्शनपुढची जागा कोरी असते किंवा तिथे "निगेटिव्ह" एवढा एकच शब्द असतो. किती निगेटिव्ह, पाणी किती गरम, टाकीची खालची पातळी कुठे, यातले काहीच नसते. मी वीसेक वर्षे या पट्ट्यात पंपांच्या देखभालीचे काम केले आहे. या काळात मी जेवढे पंप अकाली मेलेले पाहिले, त्यातले बरेचसे त्या कोऱ्या जागेने मारले. म्हणून हे उत्तर सविस्तर देतो.

सगळ्याचे मूळ एका क्रियापदात आहे. आपण म्हणतो, मोटार पाणी ओढते. सेंट्रिफ्युगल पंप पाणी ओढू शकत नाही. पाण्याला दोरीसारखे धरून खेचता येत नाही. इंपेलर फिरतो, त्याच्या पोटातले पाणी कडेला फेकले जाते आणि मध्यभागी, ज्याला आपण इंपेलरचा डोळा म्हणतो तिथे, दाब कमी होतो. पंपाचे सक्शनकडचे कर्तृत्व एवढ्यावर संपते. पुढे टाकीतल्या किंवा विहिरीतल्या पाण्यावर जे हवेचे ओझे आहे, ते पाणी पाइपात वर ढकलते. हा ढकलणारा हात पंपाचा नाही, आभाळाचा आहे, आणि पंप कितीही मोठा घेतला तरी त्याची ताकद वाढत नाही.

हे माणसाला कळून पावणेचारशे वर्षे झाली. गॅलिलिओच्या १६३८ च्या ग्रंथात अशा पंपाची हकीकत आहे, की जो अठरा हातांच्या वर पाणी चढवीना. तिथल्या कारागिरानेच सांगितले, की कोणताही पंप याच्या केसभरही वर पाणी घेणार नाही. काही वर्षांतच त्याचा शिष्य टोरिचेलीने पाऱ्याची नळी उलटी धरून त्यामागचे कारण दाखवले. हवेचे वजन समुद्रकाठी ७६ सेंटिमीटर पारा तोलते, म्हणजेच १०.३३ मीटर पाणी. आपल्याकडच्या मोटेला ही मर्यादा कधीच नव्हती. मोट कितीही खोल विहिरीतून पाणी काढत असे, कारण ती पाणी उचलून आणत असे, आभाळाच्या भरवशावर बसत नसे. मोट गेली, पंप आला, पण क्रियापद मोटेच्या काळातलेच राहिले. पाणी ओढायचे असेल तर जास्त बैल जुंपावेत, हा मोटेचा न्याय आपण पंपाला लावतो आणि एचपी वाढवतो.

आता लोणंदपुरता हिशोब मांडतो. १०.३३ मीटर हा आकडा मुंबईचा. लोणंद समुद्रसपाटीपासून साडेपाचशे-सहाशे मीटर उंच आहे. इथे हवा तितकी जड नाही, ती साधारण ९.६ मीटर पाणी तोलते. महाबळेश्वरला गेलात तर तोच आकडा पावणेनऊ मीटरच्या आसपास येतो. म्हणजे काहीही करण्याआधीच आपल्या खात्यातून पाऊण मीटर वजा झाले. शिवाय पाणी स्वतः वाफ होऊ पाहते. ३० अंश तापमानाला ही ओढ ०.४३ मीटर असते, ४० अंशांना ०.७५ मीटर, ६० ला दोन मीटर आणि ८० अंशांना जवळजवळ पाच मीटर. तेवढा दाब वजा करावाच लागतो, नाहीतर पाणी पाइपातच उकळू लागते. उकळायला आग लागते असे नाही, दाब पुरेसा कमी झाला की थंड पाणीही उकळते.

त्या बैठकीतल्या पंपाची मांडणी आपल्याकडच्या अनेक कारखान्यांत असते तशीच होती. जमिनीखाली टाकी, वर पंपघर, पाण्याची खालची पातळी पंपाच्या मध्यापासून चार मीटर खोल. ताशी १०० घनमीटर पाणी हवे. सक्शनला चार इंची पाइप, लांबी बारा मीटर, दोन बेंड आणि तळाला फुटबॉल. चार इंचातून एवढे पाणी जाताना त्याचा वेग सेकंदाला साडेतीन मीटर होतो. त्या वेगाला पाइप, बेंड आणि फुटबॉल मिळून साडेतीन मीटर दाब खाऊन टाकतात. आता बेरीज-वजाबाकी करा. ९.६ मधून वाफेचे ०.४३, उंचीचे ४ आणि घर्षणाचे साडेतीन गेले. हातात उरले पावणेदोन मीटरलाही थोडे कमी. ही झाली उपलब्ध एनपीएसएच. एवढे पाणी देणाऱ्या, मिनिटाला २९०० फेरे घेणाऱ्या पंपाला मात्र चार मीटरच्या आसपास लागते. कंपनीच्या कर्व्हवर ते छापलेले असते. गरज चारची आणि हातात पावणेदोनही नाही. असा पंप इंपेलर खाणार नाही तर काय करील?

"वरच्या एचपीचा घ्या" हा सल्ला आता याच मांडणीवर तपासू. समजा, ताशी १३० घनमीटरचा पंप आणला आणि सक्शन तेच ठेवले. घर्षण वेगाच्या वर्गाने वाढते, त्यामुळे साडेतीन मीटरचे जवळजवळ सहा मीटर होतात. ९.६ मधून ०.४३, ४ आणि ५.९ वजा केले तर उत्तर शून्याखाली जाते. म्हणजे १३० घनमीटर पाणी त्या पाइपातून येणे या पृथ्वीवर शक्य नाही. आभाळाकडे तेवढा दाबच नाही. मोठा पंप आला, मोठी मोटार आली, केबल बदलली, स्टार्टर बदलला, पाणी पहिल्याइतकेच राहिले आणि आवाज दुप्पट झाला. आणि पंप तोच ठेवून चार इंची पाइपाऐवजी सहा इंची घातला असता तर? पाइपातले घर्षण व्यासाच्या पाचव्या घाताने कमी होते, त्यामुळे सगळे मिळून साडेतीन मीटरचे अर्धा-पाऊण मीटरवर आले असते. हातात साडेचार मीटर उरले असते. बारा मीटर पाइप आणि एक मोठा फुटबॉल, एवढ्याच खर्चात. ज्यांना ही वजाबाकी पटत नाही त्यांनी आपल्या पंपघरातले आकडे घालून ती स्वतः करावी, मला त्यात आनंदच आहे.

त्या पंपाचा जुना इंपेलर मी हातात घेऊन पाहिला होता. पाती डोळ्याजवळ वाळवीने खाल्लेल्या दारासारखी झाली होती, आरपार भोके होती. फिटर म्हणत होता की पाण्यात वाळू आहे. वाळूने झिजलेला धातू गुळगुळीत होतो, त्यावर लाटा उमटतात. हा खरखरीत होता, स्पंजासारखा. डोळ्याजवळ दाब कमी झाला की पाण्यात वाफेचे बुडबुडे होतात, पुढे दाब वाढला की ते क्षणात फुटतात, आणि जिथे फुटतात तिथे धातूवर सुईच्या टोकाएवढा घण बसतो. सेकंदाला असे असंख्य घण. जहाजांचे पंखे असेच खाल्ले जात, म्हणून ब्रिटनमध्ये त्याचा शोध सुरू झाला आणि लॉर्ड रॅले यांनी १९१७ साली बुडबुडा मिटताना किती प्रचंड दाब निर्माण होतो त्याचे गणित मांडले. आपल्या पंपघरात ते गणित कानाने ऐकू येते, केसिंगमध्ये खडी भरून फिरवल्यासारखे. हा आवाज ऐकून "बेअरिंग गेलंय" म्हणणारे मी कितीतरी पाहिले. बेअरिंग बदलतात, आवाज तसाच राहतो, मग अलाइनमेंट बघतात, मग कपलिंग, आणि शेवटी कंपनीला पत्र जाते की पंप सदोष आहे.

दुसरा आक्षेप नेहमी जोरात येतो, आणि तो भावनेचा असल्याने खोडायला अवघड जातो. "आमच्या आजोबांनी कधी एनपीएसएच मोजली? पंप चालायचेच ना?" चालायचे, पण का चालायचे हे पाहावे. माझ्या लहानपणी आमच्या भागात विहिरीच्या पोटात, निम्म्या खोलीवर, मोटारीपुरता कट्टा बांधलेला असे. उन्हाळ्यात पाणी खाली गेले की चार माणसे दोर लावून मोटार त्या कट्ट्यावर उतरवत, आणि पावसाळ्यात विहीर भरू लागली की वर घेत. मोटार पाण्याजवळ न्यायची, हे त्यांना कोणी वर्गात शिकवले नव्हते. वीस-बावीस फुटांच्या वर मोटार पाणी सोडते, हवा धरते, हे त्यांनी अनुभवाने ठरवले होते, आणि तो आकडा माझ्या वजाबाकीशी नीट जुळतो. सक्शनचा जॉइंट हवा घेतो हे कळल्यावर त्यावर शेणाचा लेप देणारी माणसे होती ती. त्यांनी एनपीएसएच हा शब्द ऐकला नव्हता, पण ती पाळली होती. आज शब्द छापील कागदावर आहे आणि पाळणारा कोणी नाही. आजोबांचे नाव घेऊन सक्शनकडे दुर्लक्ष करणे हा आजोबांवर अन्याय आहे.

नदीकाठचा शेतकरी तर हा प्रश्न दरवर्षी जगतो. पावसाळ्यात वीर धरणातून नीरेत विसर्ग वाढला की पहिला निरोप येतो: नदीकाठच्या शेतकऱ्यांनी आपापल्या मोटारी काढून घ्याव्यात. कोयनेचे दरवाजे उघडले की कृष्णाकाठी हाच निरोप फिरतो. मोटार पाण्याजवळ ठेवावी तर पुरात जाते, वर ठेवावी तर उन्हाळ्यात पाणी धरत नाही. ही अडचण लहान नाही. सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांवर गेले होते. उन्हाळ्यात तीच नदी तळाला जाते. आणि हवेचा सगळा दाब मिळून किती? समुद्रकाठी ३४ फूट. म्हणजे पुराच्या रेषेवर बसवलेला आडवा पंप उन्हाळ्यात नदीचे पाणी घेऊच शकत नाही, मग तो कोणत्याही कंपनीचा आणि कितीही एचपीचा असो. म्हणूनच नदीकाठी जॅकवेल बांधतात, मोटार पुराच्या वर ठेवतात आणि लांब दांड्याने फिरणारा इंपेलर खाली पाण्यात बुडवतात. ताकारी, म्हैसाळ, टेंभू या योजनांनी कृष्णेचे पाणी दुष्काळी तालुक्यांत किती उंच चढवले याचे कौतुक सगळे करतात आणि ते योग्यच आहे. पण तो सगळा चढ डिलिव्हरीकडचा आहे. शंभर मीटर वर ढकलायचे असेल तर टप्पे वाढवता येतात, इंपेलर वाढवता येतात. सक्शनकडे एक मीटरही विकत मिळत नाही. उपसा योजना आखताना पहिला प्रश्न इंपेलर पाण्याच्या कोणत्या पातळीला राहील हाच असतो, आणि बाकीची रचना त्या उत्तरावर उभी राहते.

"कंपन्याच आकडे फुगवतात" हा तिसरा आक्षेप. यात थोडे तथ्य आहे, म्हणून त्याला मी झटकून टाकत नाही. पंपाच्या जाहिरातीत आणि पाटीवर नजरेत भरतो तो एचपी. आवश्यक एनपीएसएचची रेषा कर्व्हच्या कागदावर असते आणि तो कागद मागितल्याशिवाय हातात येत नाही. त्यातही एक बारकावा विक्रेता सांगत नाही. आवश्यक एनपीएसएच ज्या कसोटीने ठरवतात ती कसोटी अशी, की सक्शनचा दाब कमी करत न्यायचा आणि पंपाचे हेड तीन टक्क्यांनी पडले की तिथे खूण करायची. म्हणजे त्या खुणेवर पंपात बुडबुडे आधीपासून फुटत असतात. कागदावर तीन मीटर लिहिले असेल आणि तुमच्याकडे बरोबर तीन मीटर असतील, तर पंप पाणी देईल आणि हळूहळू इंपेलरही खाईल. मी स्वतः किमान एक मीटर जास्त असल्याशिवाय पंप मंजूर करत नाही, गरम पाण्याला त्याहून जास्त. कंपन्यांनी ही रेषा पहिल्या पानावर छापली पाहिजे, हे मी त्यांनाही सांगत आलो आहे. पण विचारणाऱ्याने सक्शनची माहिती कोरी ठेवायची आणि मग कंपनीने चुकीचा पंप दिला म्हणायचे, हे मला मान्य नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली औंध संस्थानातल्या माळावर किर्लोस्करवाडी वसवली. ती आज सांगली जिल्ह्यात आहे आणि तिथे पिढ्यान्‌पिढ्या पंप घडत आले आहेत. ज्या प्रदेशातली घरेच्या घरे पंपांच्या कामावर जगली, तिथे चौकशीपत्र अर्धे कोरे जावे याचे मला मनापासून वाईट वाटते.

खरेदी विभागाच्या दोन सवयी इथेच सांगून टाकतो, कारण त्या काटकसरीच्या नावाखाली येतात. एक, फेरे. १४५० फेऱ्यांचा पंप आकाराने मोठा आणि महाग, २९०० फेऱ्यांचा लहान आणि स्वस्त, म्हणून दुसरा घेतला जातो. तोच पंप दुप्पट वेगाने फिरवला तर त्याची सक्शनची भूक चौपटीच्या आसपास जाते. सक्शन निगेटिव्ह असताना २९०० चा पंप घेणे म्हणजे अशक्त बैलाला भर उन्हात नांगराला जुंपणे आहे. दुसरी सवय सेफ्टीची. गरज तीस मीटर हेडची असते. सल्लागार पाच वाढवतो, साहेब पाच वाढवतात, चाळीसचा पंप येतो. लोक म्हणतात, जास्त आहे तर नुकसान काय? नुकसान असे, की समोरचा खरा विरोध तीसचाच असतो. त्यामुळे पंप मोकाट सुटतो, ठरल्यापेक्षा कितीतरी जास्त पाणी फेकू लागतो, त्याची आवश्यक एनपीएसएच वाढते आणि त्याच वेळी पाइपातले घर्षण वाढून उपलब्ध कमी होते. दोन्ही बाजूंनी फास आवळतो. ज्याला सेफ्टी समजले, त्यानेच पंप मारला.

साखर कारखान्यातली माणसे हा विषय इतरांपेक्षा लवकर समजतात, कारण तिथे पाणी आणि रस उकळत्या अवस्थेतच हाताळावे लागतात. इव्हॅपोरेटरच्या शेवटच्या बॉडीत निर्वात असतो आणि सिरप त्या दाबाला उकळत असते. उकळत्या द्रवाच्या बाबतीत वरचा दाब आणि वाफेची ओढ एकमेकांना खाऊन टाकतात, हातात काहीच उरत नाही. पंपाला मिळतो तो फक्त द्रवाच्या उंचीचा दाब, घर्षण वजा जाता. म्हणून बॉडी वरच्या मजल्यावर आणि पंप खाली जमिनीवर. बॉयलरच्या फीड पंपाचेही तसेच. शंभर अंशांच्या वरचे पाणी साठवणारा डीएरेटर उंच सांगाड्यावर बसवतात तो शोभेसाठी नाही. तरीही खर्च कपातीच्या बैठकीत कोणीतरी विचारतेच, की ही टाकी दोन मजले खाली आणली तर लोखंड किती वाचेल? अशा एका बैठकीला मी हजर होतो. कारखान्याचे नाव सांगत नाही. मी फळ्यावर वजाबाकी मांडली आणि टाकी होती तिथेच राहिली. वाचलेल्या लोखंडापेक्षा बॉयलरला पाणी न मिळण्याची किंमत फार मोठी असते, आणि ती रुपयांत मोजता येईलच असे नाही.

हल्ली चौथे उत्तर मिळते: सबमर्सिबल टाका, प्रश्नच मिटला. शेतातल्या विहिरीसाठी आणि बोअरसाठी ते उत्तर चांगले आहे, मी विरोध करत नाही. पण पंप बुडवला म्हणजे नियम बुडाला असे होत नाही. त्यालाही इंपेलरवर पाण्याची ठरावीक उंची लागते. पातळी खाली गेली की वर भोवरा पडतो आणि त्यातून हवा आत जाते. पाण्यात हवेचे थोडेसे प्रमाणही पंपाला पुरते आणि प्रमाण वाढले की पंप पाणी सोडतो. शिवाय मोटार पाण्यानेच थंड होत असते. कारखान्यात गरम, गढूळ किंवा दाट द्रव असेल तर हा पर्याय बहुधा नसतोच. तेव्हा सक्शनचा विचार टाळायची पळवाट म्हणून सबमर्सिबलकडे पाहू नये.

शेवटचा आक्षेप मात्र मी सर्वांत गंभीर मानतो, कारण तो काम करणाऱ्या माणसाकडून येतो. शिफ्ट इन्चार्ज म्हणतो, "साहेब, तुमचं सगळं बरोबर. पण सक्शन लाइन बदलायला प्लँट दोन दिवस बंद ठेवावा लागेल. पंप मी दोन तासांत बदलतो. वरून फोन येतो तेव्हा मी काय करू?" त्याची अडचण खरी आहे आणि त्याला दोष देऊन उपयोग नाही. त्याला माझे सांगणे असे, की बंद न करताही बरेच होते. खडीसारखा आवाज येऊ लागला की डिलिव्हरीचा व्हॉल्व्ह सावकाश थोडा दाबा. पाणी थोडे कमी होईल. आवाज त्याबरोबर विरला तर आजार सक्शनचाच आहे हे सिद्ध झाले आणि तात्पुरता आरामही मिळाला. सक्शनचा व्हॉल्व्ह मात्र कधीही दाबू नका, तो गळा दाबण्यासारखे आहे. टाकीतल्या फ्लोटची सेटिंग वर घ्या, पाण्याची खालची पातळी अर्धा मीटर वर राहिली तर अर्धा मीटर फुकटात मिळाला. गाळणीत अडकलेला कचरा काढा. ग्लँडकडे नीट पाहा. निगेटिव्ह सक्शनला ग्लँड बाहेर पाणी टाकण्याऐवजी आत हवा घेतो आणि कोरडा दिसतो म्हणून कोणाला संशय येत नाही. जॉइंटवर साबणाचा फेस लावा, फेस आत ओढला गेला तर तिथे हवा आहे. पाइप पंपाकडे चढता आहे की मध्येच उंटाच्या पाठीसारखा वर उठून पुन्हा उतरतो ते बघा, त्या उंचवट्यात हवा साठते. पंपाच्या तोंडाला रिड्यूसर असेल तर त्याची सपाट बाजू वर असली पाहिजे. पंपाला लागूनच बेंड बसवला असेल तर तो शटडाउनच्या यादीत घाला. आणि शटडाउन आला, साखर कारखान्याचा हंगाम संपला, की पंपाची वाट न बघता आधी पाइप मोठा करा.

ज्या पंपापासून मी सुरुवात केली, तिथे ठरल्याप्रमाणे मोठा पंप बसला. पाणी वाढले नाही. पुढच्या शटडाउनमध्ये सक्शन सहा इंची झाले, जुना लहान पंप दुरुस्त करून परत बसवला आणि सगळे पाणी तोच देतो आहे. मोठा पंप स्टोअरमध्ये ताडपत्रीखाली पडून आहे.

खरेदी विभागातल्या मंडळींना माझी विनंती आहे, की सक्शनची जागा कोरी असलेले चौकशीपत्र सहीला आले तर सही न करता परत पाठवा. टाकीतली सर्वांत खालची पातळी, पाण्याचे उन्हाळ्यातले सर्वांत जास्त तापमान, सक्शन पाइपचा व्यास आणि लांबी, बेंड आणि फुटबॉल, एवढे भरून आणा म्हणा. पंपघरातल्या मंडळींना विनंती, की प्रत्येक निगेटिव्ह पंपाच्या सक्शनला एक व्हॅक्यूम गेज बसवा आणि रोजच्या लॉगबुकात त्याचा एक रकाना आखा. एका इंपेलरच्या किमतीपुढे त्या गेजची किंमत किरकोळ आहे. आणि नीरेकाठच्या, कृष्णाकाठच्या शेतकरी बांधवांनो, मोटार हवा धरते म्हणून मोठी मोटार बघायला लोणंदला किंवा फलटणला निघण्याआधी एक दोरी घ्या, तिला दगड बांधा आणि मोटारीपासून पाण्यापर्यंतचे अंतर मोजा. ते वीस फुटांच्या वर भरले, तर पैसे खिशात ठेवा आणि मोटार खाली उतरवा.